लसणाचं औषध तयार होतं ते ठेचल्यावर

लसणाची एक पाकळी हळूच सोला आणि नाकाजवळ धरा. कुठे नख लागलं नसेल, ओरखडा पडला नसेल, तर वास जवळजवळ येतच नाही. आता तीच पाकळी चाकूच्या पात्याखाली दाबा. शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळेल की इथे लसूण ठेचला. हा वास आत कोंडलेला होता आणि पाकळी फुटल्यावर बाहेर पडला, असं वाटणं साहजिक आहे. पण ठेचण्याआधी तो वास पाकळीत नव्हताच. पाकळी दाबल्यावर तो तयार झाला.

लसणाच्या औषधी गुणांबद्दल जे जे सांगितलं जातं, त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचं मूळ या एका घटनेत आहे. म्हणूनच ‘लसूण तब्येतीला चांगला का?’ हा प्रश्न मला कायम अर्धवट वाटतो. कच्चा की शिजवलेला, ठेचलेला की अख्खा, ताजा की गोळीतला, हे ठरल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. नाव एकच असलं तरी रसायनांच्या हिशेबाने हे वेगवेगळे पदार्थ आहेत.

भिंत फुटते तेव्हा

पाकळीच्या पेशींमध्ये ॲलिइन नावाचं एक संयुग साठवलेलं असतं. त्यात गंधक असतं, पण त्याला वास नसतो. शेजारच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींमध्ये ॲलिनेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, बंद करून ठेवलेलं असतं. पाकळी शाबूत असते तोवर या दोघांची गाठ पडत नाही. दात, सुरी किंवा किड्याचा जबडा लागला की मधल्या भिंती फुटतात, एन्झाइम ॲलिइनवर तुटून पडतं आणि काही सेकंदांत ॲलिसिन तयार होतं. नाकात जातो तो तिखट वास ॲलिसिनचा आणि त्याच्या नात्यातल्या संयुगांचा. लसणात हे एन्झाइम इतकं भरपूर असतं की पाकळीतल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण दहावा हिस्सा त्याचाच असतो. झाडाने एवढी गुंतवणूक उगाच केलेली नाही.

जमिनीखालची गड्डी म्हणजे किड्यांना, बुरशीला आणि उंदरांना आयतं जेवण. तिचं रक्षण करायला जहाल रसायन हवं. पण ते सतत तयार ठेवलं तर त्याचा त्रास झाडाच्या स्वतःच्या पेशींनाही होणार. म्हणून दोन निरुपद्रवी वस्तू वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायच्या आणि कुणी चावा घेतला तरच त्या एकत्र येऊ द्यायच्या. कांदाही हेच करतो, फक्त त्याचं संयुग थोडं वेगळं आहे. त्यामुळे कांदा डोळ्यांत पाणी आणतो आणि लसूण जिभेला चटका देतो. हा चटका म्हणजे चव नव्हे. जळजळ, टोचणी ओळखणाऱ्या चेतातंतूंना ॲलिसिन थेट चेतवतं. आपण ज्याला झणझणीतपणा म्हणून दाद देतो, तो झाडाने दिलेला इशारा आहे!

हे सगळं उलगडायला शंभर वर्षं लागली आणि सुरुवात चुकीच्या दिशेने झाली. १८४४ साली टेओडोर व्हेर्थाइम या रसायनशास्त्रज्ञाने लसणातून वाफेच्या साहाय्याने उग्र वासाचं तेल काढलं. लसणाचं लॅटिन नाव ॲलियम, त्यावरून त्याने ‘ॲलिल’ हा शब्द घडवला आणि तो रसायनशास्त्रात कायमचा राहिला. लसणात हेच तेल असतं अशी पुढे समजूत झाली. प्रत्यक्षात ते तेल वाफेच्या उष्णतेने ॲलिसिन मोडून तयार झालेलं होतं. १९४४ साली अमेरिकेत चेस्टर कॅव्हलिटो आणि जॉन बेली यांनी उष्णता टाळून, अल्कोहोल वापरून लसणाचा अर्क काढला, तेव्हा ॲलिसिन हाती लागलं. ते जिवाणू मारतं हेही त्यांनीच दाखवलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये आर्थर श्टोल आणि एवाल्ड झेबेक यांनी मूळचं बिनवासाचं ॲलिइन शोधलं आणि साखळी पूर्ण झाली. हे वाफेचं तेल पुढे पुन्हा एकदा भेटणार आहे.

ॲलिसिन पोटात गेल्यावर

ॲलिसिन जिवाणूंना कसं मारतं? प्रथिनांमध्ये ठिकठिकाणी गंधक आणि हायड्रोजनची एक जोडी असते. अनेक एन्झाइमांचं काम तिच्यावर चालतं. ॲलिसिन या जोडीला जाऊन चिकटतं आणि एन्झाइम बंद पडतं. ते एखादं विशिष्ट कुलूप शोधत बसत नाही, समोर येईल त्याला धरतं. त्यामुळे ते बऱ्याच प्रकारच्या जिवाणूंवर आणि बुरशींवर चालतं.

पण या गुणातच त्याची अडचण आहे. आपल्याही शरीरात अशा जोड्या जागोजागी आहेत. तांबड्या रक्तपेशींमध्ये तर ग्लुटाथायोन नावाचा अशा रेणूंचा मोठा साठाच असतो. आतड्यातून पुढे सरकलेलं ॲलिसिन या साठ्याला भिडतं आणि तिथेच संपतं. भरपूर कच्चा लसूण खाल्लेल्या माणसाच्या रक्तात किंवा लघवीत ॲलिसिन शोधायला गेलात तर ते सापडत नाही. काचेच्या बशीत ॲलिसिनने अमुक जंतू मारले, तमुक कर्कपेशी मारल्या अशी बातमी वाचली की मी आधी एवढंच बघतो की बशीतलं ॲलिसिन रक्तातून त्या जागी पोहोचणार कसं. बहुतेक बातम्यांत या प्रश्नाचा पत्ताच नसतो.

मग शरीरात उरतं काय? ॲलिसिनची मोडतोड होऊन तयार झालेली लहान संयुगं. त्यातलं एक आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं आहे, नावाने नसलं तरी वासाने. ॲलिल मिथाइल सल्फाइड. बाकीची गंधकी संयुगं आतडं आणि यकृत निकालात काढतात. हे मात्र तसंच रक्तात उतरतं, फुप्फुसांत जातं आणि श्वासाबरोबर बाहेर पडतं. थोडं घामावाटेही जातं. त्यामुळे लसूण खाऊन दात कितीही घासा, काही तासांनी वास येतोच, कारण तो तोंडातून नव्हे, रक्तातून येत असतो. कच्चं सफरचंद, पुदिना किंवा दूध यांनी वास कमी होतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. दूध मात्र लसूण खाताना किंवा त्याआधी घेतलं तर जास्त उपयोगी पडतं. संशोधकांना हा वास फार सोयीचा आहे. ॲलिसिन रक्तात मोजता येत नाही, म्हणून ते श्वासातलं हे संयुग मोजतात आणि त्यावरून खाल्लेल्या लसणातून किती ॲलिसिन शरीराच्या कामी आलं याचा हिशेब मांडतात.

याच उरलेल्या संयुगांबद्दल २००७ साली एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम इथल्या संशोधकांनी दाखवलं की लसणातल्या गंधकी साखळ्यांपासून तांबड्या रक्तपेशी हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्याला येतो तो वास याच वायूचा आणि मोठ्या प्रमाणात तो विषारी असतो. पण अगदी अल्प प्रमाणात तो आपल्या रक्तवाहिन्यांत एरवीही तयार होत असतो आणि त्यांच्या भिंतींना सैल पडायचा निरोप देतो. भिंती सैल पडल्या की रक्तदाब उतरतो. लसूण आणि रक्तदाब यांचा संबंध लावणारं हे आजवरचं सगळ्यात पटण्याजोगं स्पष्टीकरण आहे, असं माझं मत.

आच, आम्ल आणि दहा मिनिटं

आता कच्चा की शिजवलेला हा वाद. ॲलिनेज हे प्रथिन आहे, त्यामुळे आच लागली की ते बाद होतं. अख्खी पाकळी उकळत्या पाण्यात टाकली तर एन्झाइम आधी मरतं आणि ॲलिइन तसंच बसून राहतं. म्हणूनच अख्खा भाजलेला लसूण गोडसर आणि सौम्य लागतो. पण आधी ठेचून दहा मिनिटं बाजूला ठेवला तर एन्झाइमचं काम आचेआधीच उरकतं. नंतर उष्णतेने ॲलिसिन मोडलं, तरी त्यातून निघणारी गंधकी संयुगं हाती राहतात. हा ‘दहा मिनिटांचा नियम’ २००१ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून लोकांपुढे आला. त्या प्रयोगात मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर तापवलेल्या लसणाचा गुण गेला होता आणि आधी दहा मिनिटं ठेचून ठेवलेल्याचा काही अंशी टिकला होता.

मात्र शिजवलेला लसूण म्हणजे निव्वळ चोथा, असं समजू नका. २०१८ साली माणसांवर श्वासाची वर सांगितलेली मोजणी झाली. ताज्या ठेचलेल्या लसणाला शंभर धरलं, तर अख्ख्या भाजलेल्याला साधारण ३०, लोणच्यातल्याला १९ आणि उकडलेल्याला १६ असे आकडे आले. म्हणजे एन्झाइम मेलं तरी आपलं शरीर थोडंफार ॲलिइन स्वतःच वापरून घेतं.

सकाळी उठून अख्खी पाकळी पाण्याबरोबर गिळण्याचा सल्ला सगळीकडे फिरत असतो. त्यात दोन अडचणी आहेत. पाकळी न फुटता गेली तर भिंती शाबूत राहतात, आणि जठरातल्या तीव्र आम्लात ॲलिनेज कायमचं निकामी होतं. अगदी काहीच मिळत नाही असं नाही, पण ठेचून किंवा चावून जे मिळालं असतं त्यातलं बरंचसं जातं. वास टाळायचा म्हणून गिळायचं, आणि वास ज्यातून येतो तेच तर हवं असतं.

लसूण ठेचून तेलात तसाच राहू दिला तर ॲलिसिनचं रूपांतर आणखी काही संयुगांत होतं. त्यातलं एक अजोईन. स्पॅनिशमध्ये लसणाला ‘आहो’ म्हणतात, त्या शब्दाच्या स्पेलिंगवरून १९८४ साली हे नाव ठेवलं गेलं. गुठळी होताना रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात, अजोईन त्यांना चिकटू देत नाही. याचं पुढे काम पडेल. लसूण कित्येक महिने अल्कोहोलमध्ये मुरवून ‘जुना लसूण अर्क’ काढतात, त्याचं गणित पुन्हा निराळं. त्यात ॲलिसिन नसतंच. त्याऐवजी एस-ॲलिल सिस्टीन हे पाण्यात विरघळणारं, बिनवासाचं आणि रक्तात चांगलं उतरणारं संयुग असतं.

माणसांवर तपासल्यावर

कोलेस्टेरॉलपासून सुरुवात करू, कारण या विषयावर एक फार नेटका प्रयोग झाला आहे. १९९० च्या दशकात लसणाच्या गोळ्यांनी कोलेस्टेरॉल उतरतं असे अहवाल येत होते आणि त्याच्या उलटेही येत होते. ज्यांना फायदा दिसला नाही त्यांच्याबद्दल म्हटलं जायचं की त्यांच्या गोळ्यांत ॲलिसिन तयारच होत नसेल. आक्षेप रास्त होता. म्हणून स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या क्रिस्टोफर गार्डनर आणि सहकाऱ्यांनी एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, बेताने वाढलेल्या १९२ प्रौढांचे चार गट केले. एकाला ठेचलेला कच्चा लसूण सँडविचमध्ये घालून, दुसऱ्याला लसणाच्या पावडरीच्या गोळ्या, तिसऱ्याला जुन्या लसणाचा अर्क आणि चौथ्याला लसूण नसलेल्या बनावट गोळ्या. आठवड्याचे सहा दिवस, सहा महिने, रोज साधारण एका पाकळीएवढा लसूण. मधून मधून त्या लसणातली रसायनंही तपासली जात होती. २००७ साली निकाल आला. चारही गटांत एलडीएल जिथल्या तिथे.

यानंतर सगळे जुने-नवे प्रयोग एकत्र करून केलेल्या विश्लेषणांत थोडा फरक दिसतो. एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या वर असलेल्यांनी दोन महिन्यांहून जास्त काळ लसणाच्या गोळ्या-अर्क घेतले, तर एलडीएल दर डेसिलिटर रक्तामागे सरासरी ९ मिलिग्रॅमच्या आसपास उतरतं. पण अशा विश्लेषणांत लहान आणि कच्चे प्रयोगही मोजले जातात, आणि मला एका काटेकोर प्रयोगाचं वजन जास्त वाटतं. कोलेस्टेरॉलच्या औषधाऐवजी लसूण, हा सौदा कुणी सुचवला तर करू नका.

रक्तदाबाची बाजू जास्त भक्कम आहे. रक्तदाब आधीच वाढलेला असेल तर लसणाच्या गोळ्यांनी वरचा आकडा सरासरी ८ मिलिमीटरच्या आसपास खाली येतो, असं एकत्रित विश्लेषणांत दिसलं आहे. रक्तदाबाच्या एखाद्या नेहमीच्या गोळीशी तुलना व्हावी एवढा हा परिणाम आहे. ज्यांचा रक्तदाब मुळात ठीक आहे त्यांच्यात फारसा फरक पडत नाही. पण हे प्रयोग बहुतांशी लहान होते आणि बहुतेकांत ठरावीक मात्रेची पावडर किंवा जुना अर्क वापरला होता, जेवणातला लसूण नव्हे.

सर्दीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. २००१ च्या एका प्रयोगात १४६ जणांना बारा आठवडे गोळ्या दिल्या. लसणाच्या गटात २४ वेळा सर्दी झाली, बनावट गोळीच्या गटात ६५ वेळा. फरक घसघशीत आहे, पण सर्दी झाली की नाही हे लोक स्वतःच नोंदवत होते. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने विषय हाती घेतला, तेव्हा त्यांच्या निकषात बसणारा हाच एकमेव प्रयोग मिळाला. एका प्रयोगावर निवाडा करता येत नाही, तिथेच गाडी अडली. कोविडच्या काळात लसूण खाल्ल्याने संसर्ग टळतो असे निरोप फिरत होते, तेव्हा त्याला पुरावा नाही असं जागतिक आरोग्य संघटनेला २०२० साली मुद्दाम सांगावं लागलं.

कर्करोगाबाबत सगळ्यात लांब चाललेला प्रयोग चीनच्या शानडोंग प्रांतातल्या लिंचू भागातला. तिथे जठराच्या कर्करोगाचं प्रमाण फार होतं. १९९५ मध्ये ३,३६५ लोकांना घेऊन तो सुरू झाला. काहींना सात वर्षं लसणाच्या कॅप्सूल मिळाल्या, काहींना जीवनसत्त्वं, काहींना जठरातल्या हेलिकोबॅक्टर जिवाणूवर दोन आठवड्यांचं औषध. सात वर्षं संपली तेव्हा लसणाचा फायदा दिसला नाही. पण माणसांवर लक्ष ठेवणं सुरूच राहिलं, आणि २०१९ साली २२ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. लसूण घेतलेल्या गटात जठराच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. मात्र कर्करोग होण्याचं प्रमाण लसणाने कमी झालं, असं खात्रीने म्हणण्याएवढा फरक पडला नव्हता.

या कॅप्सूलमध्ये काय होतं ते पाहण्यासारखं आहे. जुना लसूण अर्क आणि वाफेने काढलेलं लसणाचं तेल. म्हणजे ॲलिसिन शून्य. व्हेर्थाइमने १८४४ साली काढलेल्या ज्या तेलाला चुकून लसणाचा गाभा समजलं गेलं, त्याच जातीचं तेल इथे कामाला आलं. सगळं श्रेय ॲलिसिनला देऊन मोकळं होता येत नाही ते अशा ठिकाणी.

कुणी जपून खावा

जेवणातल्या एक-दोन पाकळ्यांनी बहुतेकांना काही होत नाही. प्रश्न येतो तो मात्रा वाढवल्यावर आणि औषधांशी गाठ पडल्यावर. प्लेटलेट्सना चिकटू न देणाऱ्या अजोईनचं काम इथे पडतं. १९९० साली वैद्यकीय साहित्यात ८७ वर्षांच्या एका गृहस्थांची नोंद झाली. ते रोज चारेक पाकळ्या खात होते आणि कोणताही मार न लागता त्यांच्या पाठीच्या कण्यात रक्तस्राव झाला. अशी उदाहरणं विरळा आहेत. पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत, आणि ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या निदान सात दिवस आधी त्या थांबवाव्यात, असं भूलतज्ज्ञ सांगतात ते याच कारणासाठी. एचआयव्हीवरच्या सॅक्विनाविर या औषधाचं रक्तातलं प्रमाण लसणाच्या गोळ्यांमुळे जवळपास निम्म्यावर आल्याचंही नोंदलं गेलं आहे. ‘नैसर्गिक आहे, त्यात काय सांगायचं’ म्हणून या गोळ्या डॉक्टरांपासून लपून राहतात, हा मला खरा धोका वाटतो.

लसूण खाल्ला की पोट फुगतं अशी तक्रार असणाऱ्यांनी गंधकाला दोष देऊ नये. त्यांचा गुन्हेगार बहुधा फ्रुक्टॅन असतो. ही एक प्रकारची साखळी-साखर आहे. ती लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मात्र ती मेजवानी असते. निरोगी माणसात हा फायदाच, पण नाजूक आतड्याच्या माणसाला तिचे गॅस सोसत नाहीत. फ्रुक्टॅन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. त्यामुळे अशा लोकांनी गरम तेलात पाकळ्या परतून काढून टाकल्या आणि ते तेल वापरलं, तर स्वाद मिळतो आणि पोटही शांत राहतं.

ठेचलेला लसूण त्वचेवर बांधून ठेवू नका. जिवाणूंच्या प्रथिनांना धरणारं ॲलिसिन आपल्या कातडीच्या प्रथिनांनाही सोडत नाही आणि भाजल्यासारखे फोड येतात. लहान मुलांच्या बाबतीत तर अजिबात नको. कुत्र्या-मांजरांनाही लसूण देऊ नये, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात.

राहता राहिलं लसूण तेलात बुडवून साठवणं. दिसायला निर्धोक, पण सगळ्यात सांभाळून करायची गोष्ट ही. बोट्युलिझम म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणारी, स्नायू लुळे पाडणारी विषबाधा. तिचे जिवाणू मातीत असतात आणि त्यांची बीजं पाकळीबरोबर येऊ शकतात. वर तेलाचा थर, आत हवा नाही, आंबटपणा नाही, म्हणजे त्यांना हवी तशी जागा. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये अशाच तेलातल्या लसणाने ३६ जणांना बोट्युलिझम झाला. तेव्हा घरी केलेलं असं तेल फ्रिजमध्येच ठेवावं आणि चार दिवसांत संपवावं किंवा टाकून द्यावं. बाटलीला वास आला नाही, रंग बदलला नाही, यावर विसंबू नये, कारण हे विष वासाने किंवा रंगाने कळत नाही. उलट व्हिनेगरमध्ये घातलेला लसूण कधी कधी हिरवट-निळा पडतो आणि लोक घाबरून अख्खी बरणी ओतून टाकतात. तो रंग गंधकी संयुगं आणि अमिनो आम्लं एकत्र येऊन तयार होतो. तो लसूण खुशाल खावा.